फौजी आळीचा बाजार

सकाळी सा ते साडेआठ मी डेअरीवर असते. लोकांच्या किटल्या घ्यायच्या, दुधाचा नमुना मशीनला लावायचा, फॅट किती आली ती वरडून सांगायची आन पावती फाडून द्यायची. दुधात पाणी हाय का न्हाई ते मला मशीनच्या आदी कळतं. किटली कलती केली की दूध कडंला कसं चिकटतं त्यावरनं. डेअरीचं काम बघणारा तानाजीमामा मला रोज सांगतो, "प्रांजे, तुज्या डोळ्याला काय न्हाई म्हणत मी. पण मशीनला आदी बोलू दे. तू बोललीस की भांडणं हुत्यात."

भांडणं हुत्यात ह्ये खरं हाय. शाळा बी तशीच सुटली. दहावीच्या सहामाहीआदी गणिताच्या सरांनी फळ्यावर एक गणित सोडवलं, मी हुभी ऱ्हाऊन म्हणलं, उत्तर चुकलंय. चुकलंच हुतं. पण म्हणायची पद्धत चुकली म्हणं. बापाला घिऊन ये म्हणलं. आप्पा तवा मेंढरं घिऊन लांब गेल्ते, कुठल्या रानात बसल्यात त्येबी आमाला ठावं नव्हतं. मग मी बी गेले न्हाई आन दप्तर बी गेलं न्हाई.

डेअरीचा पगार मोबाईलच्या रिचार्जला आन चपलीला पुरतो. खरी कमाई साडेआठनंतर सुरू हुती. आमच्या गावात वरल्या अंगाला अकरा घरांची एक गल्ली हाय, तिला समदी फौजी आळी म्हणत्यात. प्रत्येक घरात वर्दीतला एक फोटू, आन फोटूतला माणूस कुठं काश्मीरला न्हाईतर आसामला. घरात ऱ्हायल्यात सासू-सासरं, सुना आन बारकी पोरं. ऊस हाय, म्हशी हायत, पैसा बी हाय. पण बाजार आणाय माणूस न्हाई. वडूज सात किलोमीटर. यष्टीनं गेलं की निम्मा दिवस जातो.

किटली घिऊन आलेल्या बाया मला म्हणायच्या, "प्रांजल, वडूजला जाणार हायस का गं? एवढं आण की." पयल्यांदा लीलाकाकीनं सांगितलं. ती फौजी आळीतली समद्यात वजनदार बाई. तिचा मालक लालासाहेब रिटायर सुभेदार, पोरगा वीरधवल फौजेत. ती म्हणली, "किलोभर गूळ आण. काळा आण. पिवळाधमक आणलास तर वाटंतनं माघारी धाडीन." मी चार दुकानं फिरून काळा, चिकट, नखानं उकरला तर धार सुटणारा गूळ आणला. काकीनं फोडला, वास घेतला, जिभंवर ठेवला आन डब्यात भरला. दुसऱ्या दिवशी डेअरीवर अख्खी आळी माज्यापुढं हुभी. सा महिन्यात अकराच्या अकरा घरं माजी झाली. घराला खेपंचं तीस रुपये. तानाजीमामाची जुनी स्कुटी हाय, तिच्या पुढं दोन हुक लावून घेतलं, मागं क्रेट बांधला.

मला ह्ये काम आवडतं, खोटं कशाला बोलू. दुकानात गेलं की माझं डोस्कं चालाय लागतं. कोपऱ्यावरच्या घरात म्हातारीला दात न्हाईत, तिला शेंगदाणं बारीक लागत्यात. तिच्या शेजारच्या घरी डाळ फुटकी चालंल पण किड नगं. एका घरात सून आन सासू वायवायला साबण सांगत्यात आन दोघी बी म्हणत्यात, तिला सांगू नगंस. ह्ये समदं माज्या डोस्क्यात असतं, वहीत न्हाई.

आयनं मला जून म्हैन्यापतोर मुदत दिलीय. धंदा टिकला तर टिकला, न्हाईतर सतरा नंबरचा फॉर्म भरून भायेरनं परत दहावीला बसायचं. म्हंजी मला त्या फौजी आळीतलं एक बी घर गमवून चालणार नव्हतं. आन लीलाकाकीचं घर गेलं की बाकीची धा जाणार, ह्ये बारक्या पोराला बी कळतं.

एप्रिलमधली गोष्ट हाय. लीलाकाकीच्या सुनंची, रेश्मावहिनीची, वटी हुती. सातवा म्हैना. लग्नाला आठ वरसं झाल्ती. आठ वरसात किती दवाखानं आन किती देव झालं त्ये अख्ख्या गावाला म्हाईत हाय. त्यामुळं त्या दिवशी काकीच्या घरात लगीनघाईच हुती. झोपाळ्याला झेंडूच्या माळा, हिरवी साडी, हिरवा चुडा, पुरणाचा घाट. वीरधवलदादा येऊ शकत नव्हता, त्यो फोनवरनं बघणार हुता. वटी चारला.

बाजाराची चिठ्ठी रेश्मावहिनीनं लिवल्याली. तिचं अक्षर लय चांगलं हाय. नारळ, खण, खारीक, बदाम, सुपारी, तांदूळ, आन खाली, "हळकुंडं पाच. ज्योतिबा शेटना आत्यांनी फोन केलाय. ते देतील ती आणणे."

ज्योतिबा शेटचं दुकान वडूजात जुनं. शेट साठीच्या पुढचा, टोपी घालतो, बोलतो कमी. चटणी कराय बसायचं दिवस हुतं, म्हणून दुकानात धणं-खोबरं-मिरची घेणाऱ्या बायांची ही गर्दी. मी बाकीचं समदं घेतलं. मग म्हणलं, "शेट, लीलाकाकीची हळकुंडं."

शेटनं देवाच्या फळीवरनं एक डबा काढला, त्यातनं कागदाची पुडी काढली आन माज्या हातात दिली. मी जागंवरच उघडली. मी समदं जागंवर उघडते.

आत पाच हळकुंडं. एक बी सरळ नव्हतं. गाठाळ, आल्यासारखी फुगलेली, कुणाला दोन बोटं फुटल्याली, कुणाला तीन, एकाला तर चार.

"शेट, ह्ये काय हाय?"

"हळकुंडं हायत."

"ही? आवं ही तर पोत्याच्या बुडातला गाळ हाय."

"अगं पोरी, ऐक तर. ही—"

"काय ऐकू? फोनवरनं सांगितलं म्हणून कायबी गळ्यात मारायचं व्हय? म्हातारी माणसं बघाय येत न्हाईत, पण मी येते की!"

बाया गप झाल्या. मिरच्या निवडणारी एकजण माज्याकडं बघाय लागली. मला आणखीच जोर आला. बाजूला हळकुंडाचं पोतं तोंड उघडून हुभं हुतं. मी पुडी त्यात उलटी केली आन हातानं वरखाली हालवली बी. मग त्याच पोत्यातनं पाच निवडून घेतली. सरळ, पिवळीजर्द, एका मापाची. शेजारी शेजारी ठेवली तर परेडला हुभी ऱ्हायल्यागत दिसत हुती.

शेटनं रिकामा डबा परत फळीवर ठेवला. मग म्हणला, "घे बाय. तुज्या मनासारखी घे," आन दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

मला वाटलं, मी जिंकले. गाडीवर यिताना मी गाणं म्हणत हुते.

दीड वाजता मी काकीच्या वसरीवर सामान उतरवलं. आळीतल्या पाच-सा बाया बसल्याल्या, कुणी फुलं ववत हुतं, कुणी पानं पुसत हुतं. काकी एक एक पुडी सोडून बघत हुती. नारळ हालवून बघितला, खारीक दाबून बघितली. "ब्येस. ब्येस." मग हळकुंडाची पुडी सोडली.

तिचा हातच थांबला.

"ही ज्योतिबानं दिली?"

"न्हाई काकी, मी निवडली. शेट खराब देत हुता. चांगला झापला त्याला."

"खराब म्हंजी कसली?"

"वाकडीतिकडी. बोटं फुटल्याली. एकाला तर चार..."

काकी खालीच बसली. "अगं भवाने! तीच तर लेकुरवाळी हळकुंडं!"

शेजारची म्हातारी मला सांगाय लागली, "पोरी, पोटुशी बाईच्या वटीत तसलंच घालत्यात. आई आन तिच्या अंगाला चिकाटल्याली पोरं. तुला कुणी सांगितलं न्हाई व्हय?"

मला कोण सांगणार? आमच्या घरात तसली वटी मी कवा बघितलीच नव्हती. बघितली असंल तरी मी मेंढरामागं असंन.

काकी तोल सुटल्यागत बोलत हुती. "मी त्याला फोन केला. लिवून दिलं, त्यो दील ती आण म्हणून. आता ह्या वांझोट्या हळकुंडानं वटी भरू व्हय मी माज्या सुनंची?"

त्यो सबूद तोंडातनं गेला आन वसरी गपगार झाली. रेश्मावहिनी दारात हुभी हुती. हातात चुड्याचा डबा. आठ वरसं गावानं त्यो सबूद तिच्या माघारी वापरला, पण लीलाकाकीच्या घरात त्यो कुणाला काढाय परवानगी नव्हती. एकदा एका पाव्हणीनं काढला तर काकीनं तिला चा बी न देता वाटंला लावल्याली. आन आज त्यो काकीच्याच तोंडातनं गेला. वहिनीनं डबा हळूच खाली ठेवला आन आत गेली.

काकी दाराकडं बघत ऱ्हायली. मग माज्याकडं वळली. आवाज एकदम बारीक झाल्ता, त्याचंच मला जास्त भ्या वाटलं.

"चारला वटी हाय. तवर ती पाच आणलीस तर आण. न्हाईतर उद्यापासनं माज्या दारात यिऊ नगंस."

बाकीच्या बाया खाली बघून फुलं ववाय लागल्या. एक बी माज्या बाजूनं बोलली न्हाई. मी त्यांच्या जागी असते तर मी बी बोलले नसते.

सात किलोमीटर मी कशी गेले ते मला आठवत न्हाई. वाटंत मला शेटचा राग येत हुता. सांगता येत नव्हतं का? मग आठवलं, त्यो सांगतच हुता. मग मला कुणाचाच राग येईना, त्ये लय वंगाळ वाटलं. राग आला म्हंजी कसं बरं असतं.

दुकानात गर्दी सरल्याली. शेट गल्ल्याच्या मागं डबा उघडून भाकरी खात हुता. मी आदी पोत्याच्या जागंकडं बघितलं. जागा मोकळी.

"शेट, पोतं?"

"कांडपाला गेलं. दळून पायजे हुती हळद, एकाची आर्डर हाय. एक वाजता न्हेलं टेम्पोनं."

"ती पाच हळकुंडं त्यात हुती!"

"व्हय. तूच टाकलीस की."

त्यो शांतपणी भाकरीचा तुकडा मोडत हुता. मला रडाय यायच्या बेतात हुतं आन मला रडलेलं आवडत न्हाई, म्हणून मी म्हणलं, "कांडप कुठं हाय तेवढं सांगा."

"वटी किती वाजता हाय?"

"चार."

शेटनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. सव्वादोन. डब्याचं झाकाण लावलं, हात धुतलं, आतल्या बाईला हाक मारली, "जरा गल्ल्यावर बस गं," आन टोपी घालून माज्या गाडीजवळ यिऊन हुभा ऱ्हायला.

"तुमी कशाला?"

"तुला वळखू यायची न्हाईत. तुला चांगलं तेवढंच दिसतं."

मी मागचा क्रेट सोडून दुकानात ठेवला, शेट मागं बसला आन स्कुटीचं पुढचं चाक हालकं झालं. "सावकाश," त्यो म्हणला. मी सावकाश कवा चालवलीच न्हाई. कांडप वडूजच्या भायेर, औंधच्या वाटंला. तिथवर शेट मागनं बोलत हुता आन मी पयल्यांदाच मधी बोलले न्हाई.

"हळद सांगलीवरनं येती. मार्केटला यायच्या आदी तिला पिंपात घालून फिरवत्यात, चमक यावी म्हणून. त्यात समदी बोटं मोडून पडत्यात. एका पोत्यात एकांदं वाचलं तर वाचलं. मी ती बाजूला काढून ठेवतो. इकत न्हाई. त्याचं पैसं घ्यायचं नसतं."

"मग ती पाच?"

"दोन वरसं जमवत हुतो. लीलाबाईनं सांगून ठेवल्यालं."

"दोन वरसामागं? तवा तर वहिनीला कायच नव्हतं."

"नव्हतं. ती म्हणली, 'ठिऊन दे बाबा, लागतील कवा ना कवा.'"

पुढं एक खड्डा आला. मी त्यो चुकवला न्हाई, कारण मला त्यो दिसलाच न्हाई. शेट "आई गं" म्हणला, पण मला शिवी दिली न्हाई.

कांडपात शिरलं की पयला ठसका, मग बोलणं. मिरचीचा धुरळा हवंत उभा. चार लोखंडी मुसळं धाड धाड खाली-वर हुत हुती. तोंडाला पदर बांधून सात-आठ बाया आपापली चटणी कांडून व्हायची वाट बघत बसल्याल्या. कांडपाची मालकीण धोंडुबाई डोळ्याला पोराचा गॉगल लावून मुसळाखालची चटणी खालवर करत हुती. कोपऱ्यात ताडपत्रीवर शेटचं पोतं रिकामं केलेलं, पिवळा ढीग. आन एका उखळात पिवळं कायतरी कांडलं जात हुतं.

"थांबवा! मावशी, थांबवा!"

कुणाला ऐकू जाणार? मी भिंतीजवळ गेले आन लाल बटण दाबलं. मुसळं जागच्या जागी थांबली.

"कोण हाय गं ती टवळी!" धोंडुबाईनं गॉगल वर केला. "माज्या मशीनला हात लावती व्हय? हात कांडीन तुजा!"

"मावशी, त्या हळदीत लेकुरवाळी हळकुंडं हायत. पाच. आज वटी हाय."

धोंडुबाईनं माज्या मागं हुभ्या शेटकडं बघितलं. मग खिडकीकडं हात केला. "ती का?"

खिडकीच्या कट्ट्यावर तीन हळकुंडं ठिवल्याली. बोटं फुटल्याली, गाठाळ. मला आयुष्यात कुठली वस्तू एवढी देखणी दिसली नव्हती.

"लेकुरवाळं कुणी कांडतं व्हय?" धोंडुबाई म्हणली. "पाप लागंल. पयल्या घाणीलाच ह्यी तीन घावली. म्हणलं, शेटचं ध्यान आज कुठं हाय? कवा अशी पोत्यात येत न्हाईत त्याची."

"दोन ऱ्हायली," शेट म्हणला आन टोपी मांडीवर ठिऊन ढिगाशेजारी बसला. मी बी बसले. धोंडुबाईनं परत मशीन चालू केली, दुसऱ्या बायांच्या चटण्या थांबल्याल्या ना. त्या आवाजात ती वाकून शेटला इचाराय लागली, "पण ही पोत्यात गेली कशी वो?"

शेटनं माझं नाव सांगितलं न्हाई. खांदं उडवलं आन हळकुंडं चाळत ऱ्हायला. "गेली असतील चुकून," म्हणला.

मला गप बसता आलं असतं. पण त्यो माज्यासाठी डबा अर्धा टाकून आल्ता. माफी मागायची मला सवय न्हाई, पण म्हणलं ह्या धडधडीत कुणाला ऐकू बी जायाचं न्हाई. मी बारीक आवाजात म्हणलं, "शेट, चूक झाली."

"काय?"

"चूक झाली!"

"आं?"

"आवं माजी चूक झाली, मी उगंच तुमाला बोलले, मला काय कळत न्हाई!" मी जीव खाऊन वरडले, आन नेमकी तवाच लाईट गेली. मुसळं थांबली. माजं "मला काय कळत न्हाई" अख्ख्या कांडपात घुमलं.

सात-आठ बाया पदराआडनं हसाय लागल्या. एक म्हणली, "असं एकदा माज्या सुनंनं म्हणाय पायजे!" दुसरी म्हणली, "तुजी सून हितं असती तर लाईट गेली नसती." शेटचं खांदं हालत हुतं. त्यो बी हसत हुता, फकस्त आवाज करत नव्हता.

लाईट गेल्यामुळं बायांना बी काम नव्हतं. समद्या ताडपत्रीभवती बसल्या. पाच मिन्टं झाली, धा झाली. चाळीसेक किलोचा ढीग. मला एक बी घावंना, आन मी तर डोळ्याची चलाख! मग मला कळलं, माझा हात आपोआप सरळ आन चकचकीत हळकुंडाकडं जातोय. सवय. मग मी उलटं केलं. जी मी दुकानात बघताक्षणी टाकून दिली असती ती बघाय लागले. दोन मिन्टात चौथं घावलं. चार बोटांचं.

"आता पाचवं," शेट म्हणला. तीन वाजून पाच मिन्टं.

ढीग सरत आला, पाचवं न्हाईच. धोंडुबाईनं उखळातली अर्धी कांडल्याली हळद सुपात घिऊन बघितली. त्यात कुठल्या बोटाचा तुकडा हाय का म्हणून बोटानं चाळली. न्हाई. एक बाई म्हणली, "चारवर भागवा की." धोंडुबाई म्हणली, "वटीत चार? काय बोलती?"

माझं लक्ष रिकाम्या पोत्याकडं गेलं. खुट्टीला अडकवलं हुतं. तागाचं पोतं रिकामं असलं की सरळ लोंबतं. ह्याचा खालचा एक कोपरा जरासा जड दिसत हुता. मी उठून हात घातला. आत शिवणीजवळ हळकुंड. त्याची बोटं तागाच्या धाग्यात अडाकल्याली, म्हणून पोतं झाडलं तरी पडलं न्हाई. सरळ असतं तर पडलं असतं.

मी त्ये एक एक धागा सोडवून काढलं. एक बी बोट मोडू दिलं न्हाई.

"शेट, तुमाला दुकानात सोडाय येळ न्हाई. रिक्षा—"

"हितं कुठली रिक्षा? चल, चल. मी बी येतो." त्यो आदीच गाडीजवळ गेल्ता.

चारला सात मिन्टं कमी असताना मी फौजी आळीत शिरले, मागं ज्योतिबा शेट, टोपी हातात, अंगभर हळद आन मिरची, डोळं लाल. वसरीवरच्या बाया बघतच ऱ्हायल्या. मी पुडी काकीच्या हातात दिली.

काकीनं ती पदरात घेतली आन एक एक बघितलं. "दोन... तीन... ह्याला चार..." मग शेटकडं बघून म्हणली, "तुमी कशाला आला वो एवढ्या उनाचं?"

"पोरीनं आणलं," शेट म्हणला. "पोत्यातनं शोधून काढली तिनं."

"पोत्यात मीच टाकल्याली, काकी," मी म्हणलं. "शेट बरोबर देत हुते. सांगत बी हुते. मी ऐकून घेतलं न्हाई."

काकीनं मान हालवली, हो म्हणून का न्हाई म्हणून ते कळलं न्हाई. ती उठून आत गेली. दार उघडंच हुतं, म्हणून आमाला दिसलं. रेश्मावहिनी हिरवी साडी नेसून पाटावर बसल्याली, डोळं सुजल्यालं. काकी तिच्या म्होरं खाली बसली.

"मघाशी माज्या तोंडातनं वंगाळ गेलं," काकी म्हणली. समद्या बायांसमोर. "मी म्हणाय नगं हुतं."

वहिनी म्हणली, "हळकुंडालाच म्हणला न्हवं?"

"हळकुंडाला बी म्हणाय नगं हुतं."

वहिनी हसली. जरासंच, पण हसली. काकीनं तिच्या डोक्यावरनं हात फिरवला, इचारलं, "दुपारपासनं काय खाल्लं न्हाईस न्हवं?" आन कुणाला तरी पुरणपोळीचा तुकडा आणाय लावला. वटी बरोबर चारला झाली का चार वाजून धा मिन्टांनी, त्ये कुणी बघितलं न्हाई. पाचच्या पाच हळकुंडं वहिनीच्या वटीत पडली. बायांनी गाणी म्हणली. फोनवर वीरधवलदादा वर्दीतच बसला हुता, त्यो मधीच म्हणला, "आये, ह्ये दारात ज्योतिबा शेट कशाला बसल्यात?" तवा समद्या एवढ्या हसल्या की फोन पडायचाच ऱ्हायला.

शेटला भायेर कट्ट्यावर ताट दिलं. लालासाहेब त्याच्याशेजारी जाऊन बसले, दोघं जण न बोलता जेवत हुते. मला आत बायांच्या पंगतीत बसवलं. मी हात धुतलं, पण हळद निघंना, मनगटापतोर पिवळी.

"अगो बया," शेजारची म्हातारी म्हणली, "वटी रेश्माची आन हळद हिला लागली!"

"नवरा कोण गं?"

"नवरा न्हवं का, गाडीवर घिऊन आलीय की! भायेर जेवतोय!"

दुसरा दिवस असता तर मी ताट सोडून उठले असते. पण मला हसाय आलं. पुरणपोळी बी चांगली झाल्ती, तूप पातळ, कडा मऊ. मी तीन खाल्ल्या.

काकी वाढत वाढत माज्याम्होरं आली. पोळी वाढली, त्यावर तूप सोडलं, आन पुढच्या ताटाकडं वळता वळता म्हणली, "परवा अमावास्या हाय. पाच नारळ आण. आन डाळ सपलीया, हरभऱ्याची, दोन किलो." बास. एवढंच. पंगतीतल्या दुसऱ्या टोकाची बाई लगीच म्हणली, "मला बी एक नारळ गं प्रांजल." मग तिच्या शेजारची. मी तोंडात पोळी धरून मान हालवत हुते.

दिस कलल्यावर शेटला माघारी सोडाय निघाले. ऊन उतरल्यालं, रस्त्याच्या दोन्ही बाजूला मोकळी रानं, वारं सुटल्यालं. शेटचं पोट भरल्यालं म्हणून त्यो आणखी जड लागत हुता.

"उद्या नवं शेंगदाणं येणार हायत," शेट मागनं म्हणला. "लवकर ये. तू बघून घे. मला आता बारीक दिसत न्हाई."

"येते."

"तुला एकांदा दाणा वायला वाटला तर आदी मला इचार. मग फेक."

"आवं शेट, खवट दाणा इचाराय काय असतं त्यात? नाकाला कळतंय की!"

"ह्ये बघ. लगीच."

"लगीच काय? मागल्या टायमाला तुमी—"

"खड्डा!"

मी खड्डा चुकवला. शेट म्हणला की मागल्या टायमाचं दाणं खवट नव्हतं, फकस्त जुनं हुतं. मी म्हणलं, जुनं आन खवट एकच. त्यो म्हणला, अजिबात न्हाई, आन त्यातला फरक सांगाय लागला. मला पटत नव्हतं. पण वडूज अजून चार किलोमीटर हुतं, म्हणून त्याचं समदं ऐकून घेतलं, आन मगच भांडाय सुरवात केली.